बारशाची टेप

४ नोव्हेंबर, नांदेड

आणलं एकदाचं! चौदा किलोचं धूड. शिरूर अनंतपाळहून एसटीत मांडीवर घेऊन आलो. पाय अजून माझे वाटत नाहीत.

संगप्पा काकांचं स्पूलवालं टेपरेकॉर्डर. काकांचं घर ज्यांनी विकत घेतलं त्यांना माळ्यावर सापडलं. भले लोक – भंगारात घालण्याआधी फोन केला. काका सरकारी प्रचारगाडीवर ऑपरेटर होते. गावोगाव पडदा लावून कुटुंबनियोजनाची फिल्म दाखवायचे. स्वतःला सहा पोरं. मशीन तेव्हा सरकारचं. पुढं खात्यानं मोडीत काढलं तेव्हा काकांनीच घरी आणलं.

सोबत एकच स्पूल. खोक्यावर काकांचं टपोरं अक्षर – 'चि. रामलिंगचे बारसे. पाळणा – घरच्या बायका.'

रामलिंग म्हणजे मी. आणि घरच्या बायकांत आई आलीच की!

आई गेली तेव्हा मी आठ महिन्यांचा. काविळीनं. एकच फोटो आहे, लग्नातला, त्यात पदर नाकापर्यंत. त्रेपन्न वर्षांत आईची मला झालेली ओळख म्हणजे एक हनुवटी. आवाज कसा होता, कुणी सांगू शकलं नाही. 'गोड होता' म्हणतात. गेलेल्या सगळ्यांचे आवाज गोडच असतात.

सुकन्या म्हणाली, "हे हॉलमध्ये ठेवणार?"

म्हटलं, "बघू." एकोणतीस वर्षांच्या संसारात हा शब्द मला कधी तोंडघशी पाडत नाही.

५ नोव्हेंबर

वायर लावली. बटण दाबलं. घराचा फ्यूज गेला. शेजारच्यांचाही.

७ नोव्हेंबर

अक्काला लातूरला फोन. शिवकांता अक्का – थोरली बहीण. आई गेली तेव्हा पंधरा-सोळाची. मला तिनंच वाढवलं. मी शाळेत जाईपर्यंत लग्नाला उभी राहिली नाही. आता अडुसष्ट. पोटात गाठ. डॉक्टरांनी ऑगस्टमध्येच सांगितलं, घरी न्या, जे खावंसं वाटेल ते द्या. तिला काही खावंसं वाटत नाही, एवढाच त्या सल्ल्यातला दोष.

म्हटलं, "अक्का, माझ्या बारशाची टेप सापडलीय!"

पलीकडं बराच वेळ काही नाही. ती म्हणाली, "जळू दे की ती. कशाला उगं येरझाऱ्या घालून राहिलास."

"आई गायली होती ना त्यात?"

"गायली असंल की. सगळ्याच बाया गायल्या."

"आवाज ओळखशील?"

"खोकला गेला का तुझा?"

माझा खोकला गेल्याला तीन वर्षं झाली.

हिशेब साधा आहे. बाबा नाहीत, काका-काकू नाहीत, त्यांच्या पोरांना काही आठवत नाही, आत्या नाही. त्या टेपवरचा आईचा आवाज कुठला, हे सांगणारं माणूस जगात एकच उरलंय आणि ते लातूरला खाटेवर आहे. मशीन त्याआधी बोललं पाहिजे.

९ नोव्हेंबर

धम्मानंदकडं नेलं. पूर्वी रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचा, आता निवृत्त, घरच्या पडवीत बसून लोकांचे मिक्सर उघडतो. मला पंडित म्हणतो. मी मठाच्या पाठशाळेत संस्कृत शिकलो आणि नंतर पेपरचा वार्ताहर झालो, हा त्याला जगातला सर्वात मोठा विनोद वाटतो. कधीकधी मलाही.

मागचं झाकण काढलं. आत पट्ट्याचं डांबर झालेलं. खरंच डांबर – रबर वितळून चाकांवर सांडलेलं. बोट लावलं तर बोट काळं, शर्ट काळा, कपाळ काळं.

"पंडित, देवभाषेत पट्ट्याला काय म्हणतात हो?"

"मेखला."

"मग तुमच्या मेखलेचं पिठलं झालंय बघा."

दोन तास स्पिरिट आणि चिंध्या. मोटर हातानं फिरते, हे शुभ. बाकी पुढं.

१२ नोव्हेंबर

आतल्या जुन्या कंडेन्सरांनी फ्यूज नेला होता. बारा बदलले. सगळे एकदम फुगले होते – निवडणुकीतल्या उमेदवारांसारखे. (हे पेपरात लिहिता येत नाही. इथं येतं.)

१५ नोव्हेंबर

व्हॉल्व्ह पेटले! अर्धा मिनिट काही नाही, मग आतून नारिंगी उजेड. धम्मानंद आणि मी, दोघं टाळकी पिकलेले, भोकातून आत बघत बसलो. ज्योत्स्ना वहिनी चहा घेऊन आल्या, आम्हाला पाहून परत गेल्या.

१८ नोव्हेंबर

आज आवाज आला. असा नव्हता यायला पाहिजे!

शिलाई मशीनच्या मोटरचा पट्टा बसवला. तो जरा आखूड, मधलं चाकही दुसरंच घातलेलं, सगळं पळायला लागलं. बारशाला चिमण्या आल्या होत्या. चिवचिव चिवचिव – त्यात एक चिमणी हुकूम सोडत होती, ते संगप्पा काका. धम्मानंद हसून हसून खाली बसला. मीही हसलो. मग एकाएकी हसू आलंच नाही. त्या चिवचिवाटात कुठंतरी आई होती, आणि मी हसत होतो.

त्यानं पाहिलं. मशीन बंद केलं. नंतर कापसानं डोकं पुसलं – टेप ज्या धातूच्या ठोकळ्यावरून जाते त्याला डोकं म्हणतात – आणि बोळा माझ्यासमोर धरला. तपकिरी.

"हे बघा. टेपवरची पावडर सुटून राहिली. जेवढं ऐकाल तेवढं झिजंल. पाहिजे तेवढंच ऐका, बाकीचं फिरवू नका."

नैयायिक म्हणतात, शब्द हा आकाशाचा गुण. मीमांसक म्हणतात, शब्द नित्य आहे. दोघांनीही धम्मानंदच्या हातातला बोळा बघायला हवा होता.

१९ नोव्हेंबर

अमरनाथचा फोन. अक्काचा मुलगा, माझा भाचा. "मामा, आई दोन दिवस झाले पाण्यावर हाय."

२३ नोव्हेंबर

पट्टा सापडला. कुठं? पिठाच्या गिरणीच्या सामानात! वेग जुळवायचा कसा हा प्रश्न होता. धम्मानंद म्हणाला, तुम्हाला टेपवरल्या कुणाचा आवाज आठवतो? काकांचा. पस्तीसेक वर्षं ऐकला. मग मी डोळे मिटून बसलो, तो चाकावर चिकटपट्टीचे वेढे देत, काढत गेला. "आता?" "नाही, काका एवढे गंभीर नव्हते." "आता?" "जवळ आलं." "आता?"

– आज रोजी चिरंजीवाचे नामकरण – घसा खाकरून, सरकारी मराठीत. काका! पडवीत, माझ्या शेजारी!

मग भांड्यांचे आवाज. आत्या माझं नाव घेते. मग पाळणा. एक बाई ओळ उचलते, बाकीच्या चार-पाच मागून येतात. दुसऱ्या ओळीत दुसरी कुणी जरा पुढं जाते, तिसरी घोगरी आहे, एकीला सूर हा प्रकारच मान्य नाही. पाळणा संपला की धम्मानंदनं लगेच बंद केलं. सहा मिनिटं. मोबाइलवर घेतलं.

कोणती? पहिली? घोगरी? ती बेसूर असली तरी चालेल. कोणतीही चालेल, पण कोणती?

जाताना धम्मानंद म्हणाला, "माझी आई सरजाबाई जलशात गायची. माईक नव्हता तरी शेवटच्या माणसाला ऐकू जायचं. दहा गावं यायची."

"टेप आहे?"

"मशीन तुमच्या घरी होतं, पंडित."

हसत म्हणाला. मी घरी येईपर्यंत ते हसू माझ्याबरोबर आलं. अजून इथंच आहे.

२४ नोव्हेंबर

मोबाइलवरची टेप अमरनाथला पाठवली. त्यानं अक्काच्या कानाशी धरली. उत्तर – "डब्यात माशी कोंडल्यावानी येतंय. पोराचं रडणं तेवढं कळतंय."

म्हणजे मशीनच न्यायला हवं.

२८ नोव्हेंबर

नगरपालिकेची धामधूम. कंधार, अर्धापूर, लोहा. सभेत बसतो, टिपणं घेतो, मनात पाळणा. आज एका उमेदवाराचं नाव चुकीचं छापून आलं. पंचवीस वर्षांत दुसऱ्यांदा. संपादक म्हणाले, तब्येत बरी आहे ना?

२ डिसेंबर

मशीन गुणगुणतंय. अर्थिंगचा घोळ. धम्मानंद म्हणतो, आठ दिवस द्या. आठ दिवस कुणाकडं आहेत?

६ डिसेंबर

आज धम्मानंद मशीनला हात लावणार नाही हे ठाऊक होतं. वंदनेला जाऊन आला आणि संध्याकाळी स्वतःच फोन – "या. बसू."

गुणगुण गेली.

१० डिसेंबर, लातूर

गाडी केली. धम्मानंद बरोबर – "माझ्याशिवाय ते बंद पडलं तर तुम्ही त्याला मंत्र म्हणत बसाल." मशीन मागच्या सीटवर, गादीत गुंडाळलेलं, पट्टा लावून. अहमदपूरला चहा. लातूरला पोचायला साडेअकरा.

अक्का एवढीशी झालीय. हातातली बांगडी कोपरापर्यंत जाते. मला पाहून पहिलं वाक्य – "पोट सुटलंय तुझं. सुकन्याला म्हणावं, भाकरी मोजून वाढ."

मग मशीनकडं पाहिलं. बराच वेळ. "हेच व्हय ते. हिरवा डोळा हाय त्याला."

खरंच आहे. आवाज वाढला की मिटणारा हिरवा दिवा. मी सांगितलं नव्हतं.

धम्मानंदनं मांडामांड केली. अक्कानं त्याला विचारलं, चहा घेतला का, मुलं किती, कुठं असतात. मग अमरनाथला म्हणाली, "जा, पाव्हण्याला वर गच्चीत ने. ऊन लागंल जरा. सूनबाई, तू बी जा." सगळ्यांना काढलं. धम्मानंदनं कुठलं बटण कधी दाबायचं ते मला दोनदा दाखवलं, मग गेला.

लावलं.

काकांचा घसा. अक्का हसली, आवाज न करता. भांडी. आत्या. मग पाळणा सुरू झाला आणि तिनं डोळे मिटले. ओठ हलत होते. बायकांना पाळणे पाठच असतात. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो – ओळखीची काही खूण, भुवई, काहीतरी.

पाळणा संपता संपता म्हणाली, "बंद कर. पुढं काही न्हाई."

बंद केलं.

"कोणती, अक्का?"

ती छताकडं बघत होती.

"अक्का."

"पयली. जी सुरुवात करती, ती."

"नक्की?"

"मला आवाज कळंना व्हय रे? माझ्या कानाला काय झालंय?"

मला काय झालं ते लिहीत नाही. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, हात म्हणजे काय, वजनच नाही त्याला. म्हणाली, "रडू नकोस. चांगला हाय की आवाज. न्हाई का?"

"फार चांगला आहे."

"मग? उगं म्हणायचास, मला ठावं न्हाई, मला ठावं न्हाई. लहानपणापासून नुसता घोर. झालं आता?"

"झालं."

"अजून एकदा लाव."

पुन्हा लावलं. पावडरीची पर्वा कुणाला! या खेपेला ती झोपली. पाळण्यानं झोपणारं माझ्या पाहण्यातलं सर्वात वयस्क माणूस.

११ डिसेंबर, नांदेड

एकाच सूत्राच्या हवाल्यानं बातमी देऊ नये, असं नव्या पोरांना पंचवीस वर्षं शिकवत आलो. ही बातमी मी एका सूत्रावर छापतो आहे. दुरुस्ती देणार नाही.

१४ डिसेंबर

मशीन हॉलमध्ये. सुकन्येनंच टेबल रिकामं केलं. सकाळी तिनं माझ्याबरोबर पूर्ण पाळणा ऐकला. म्हणाली, "किती कोवळा आवाज आहे सासूबाईंचा." लग्नानंतर एकोणतीस वर्षांनी सासूबाई भेटल्या.

आई तेव्हा तिशीचीच असेल. माझ्या लेकीपेक्षा – ऋतुजापेक्षा – दोनच वर्षांनी मोठी. आई म्हणून आपण म्हातारीच डोळ्यांसमोर आणतो.

१७ डिसेंबर

आता बारकावे कळायला लागले. आई ओळ जरा खालून उचलते. दुसऱ्या कडव्यात श्वास पुरत नाही, तिथं घाई करते. एका ठिकाणी तिला हसू येतंय, दाबते. कुणी चिमटा काढला असेल? मी काही केलं असेल पाळण्यात? बाराव्या दिवशी माणूस करून करून काय करणार!

२१ डिसेंबर

अक्का गेली. पहाटे. अमरनाथ म्हणाला, झोपेत.

२२ डिसेंबर, लातूर

काल माती झाली. आमच्या लिंगायतांत बसवून पुरतात. मांडी घातलेली, हातात लिंग, कपाळाला भस्म. आयुष्यभर म्हणत आलो, अक्का, जरा बस गं, घडीभर बस. पहिल्यांदाच ऐकलं.

स्वामींनी मंत्र म्हटले. दोन ठिकाणी चुकले. एरवी मी मनात दुरुस्त करतो. काल तसेच राहू दिले.

२३ डिसेंबर

काही लिहायचं नाही.

३० डिसेंबर, नांदेड

धम्मानंद येऊन गेला. मशीनला काही झालेलं नाही, तरी झाकण उघडून बसला, डोकं पुसलं, चाक पुसलं. बोळा खिशात घातला, मला दाखवला नाही.

म्हणाला, "त्या दिवशी मी गच्चीत जायला निघालो तेव्हा तुमची बहीण मला म्हणाली, दादा, तुम्ही लई खटपट केली, याला आता बरं वाटंल. मी म्हटलं, अहो मावशी, अजून ऐकायचंय तुम्ही, मग सांगा आवाज कोणता. तर हसल्या."

मी म्हटलं, ती हसायचीच.

७ जानेवारी

टेप झिजू नये म्हणून फक्त रविवारी ऐकायचा नेम केला होता, तो मोडला. आता रोज एकदा. सुकन्या म्हणते चहा गार होतो. होऊ दे. अक्का नाही, तर निदान आई आहे – असं मनात आलं आणि लाज वाटली. दोघींची अदलाबदल करायला मी कोण!

११ जानेवारी

आवाज जरा पुसट. की मला वाटतंय?

१८ जानेवारी

आज पाळणा संपल्यावर बंद करायचं राहिलं. गॅसवाला दारात आला होता. टेप चालूच. भांडी, बायकांचं हसणं, मी रडतोय. परत आलो तर काकांचा आवाज, अगदी जवळून –

"शाब्बास शिवकांता! पोरीनं सगळ्या बायांना मागं टाकलं. आता आईला म्हण, तू बी एक म्हण म्हणावं."

मग कितीतरी वेळ नुसती खरखर.

"बरं बरं. थोरल्या दिरापुढं कशी म्हणंल ती. मी जातो भाईर, मग म्हणू दे."

खुर्ची सरकली. खट्. सरकारी मशीन, काका बंद करून गेले.

पुढं वीस मिनिटं कोरी टेप. सगळी ऐकली.

पाळणा अमरनाथला पाठवला. खाली लिहिलं – तुझी आई, वय पंधरा.